४०७ ची चावी : बंदीतल्या नोंदी

शनिवार, १२ जुलै २०२५

पाऊस जरा थांबला म्हणून दादा गाडी दोन हात पुढे घ्यायला गेला आणि पाच मिनिटांत परत आला. चावी आत जाते, फिरत नाही. म्हटलं, थांब, हात धुऊन येते. मी पोचेपर्यंत त्याने सीटखालची पक्कड काढलीसुद्धा होती.

आधी पक्कड काढून घेतली, मग चावी. चावीच्या डोक्यावर पकडीचे दात उमटलेत आणि देठाला जरासा पीळ बसलाय. आणखी एक जोर लावला असता तर अर्धी चावी आत राहिली असती आणि या नोंदी वेगळ्याच झाल्या असत्या. आजपासून नियम एकच: दोन बोटांनी फिरते तेवढीच फिरवायची. दादाने मान डोलावली. त्याच्या डोलावण्याचा काही भरवसा नाही.

गाडी टाटा ४०७, २००३ सालची, बाबांनी नवी घेतलेली. कामं दोन: वेसाव्यात (वर्सोव्यात) बोटींना बर्फ पोचवायचा आणि मासळी मुंबईच्या बंदरांवर, ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला न्यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून गाडीही बंद. मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूंशेजारी सहा आठवडे उभी आहे. यंदा पाऊस मे संपायच्या आधीच आला, त्यामुळे उभी म्हणजे भिजत उभी. समुद्र दोनशे पावलांवर. ३१ तारखेच्या आत ती चालू झाली पाहिजे, नाहीतर भाड्याचा टेम्पो सांगावा लागेल आणि सीझनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पोवाले काय भाव सांगतात ते सगळ्या कोळीवाड्याला माहीत आहे.

मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे, ट्रकच्या नाही. पण घरात मल्टिमीटर ज्याच्याकडे तोच मेकॅनिक.

आजचा एकच प्रयोग. गाडी उभी करताना दादाने स्टिअरिंग भिंतीकडे पूर्ण कापलेलं आणि पुढच्या चाकाला दगड लावलेला. चावी काढली की लॉकमधून एक लोखंडी खिटी निघून स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचेत बसते. चाकाचा ताण स्टिअरिंगवर असेल तर ती खिटी खाचेच्या कडेला दाबली जाते आणि चावी कितीही चांगली असली तरी हलत नाही. उपाय सोपा असतो: एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, मधली सैल जागा सापडली की दुसऱ्या हाताने चावी. केलं. स्टिअरिंग बोटभर हलतंय, चावी ढिम्म.

अंधार पडला. बाकी उद्या.

रविवार, १३ जुलै

टायर जमिनीत रुतून पिळलेला असेल आणि मला वाटतंय तेवढी खिटी सैल झालीच नसेल, अशी शंका रात्री आली. म्हणून सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला. दोन्ही चाकं अधांतरी. आता स्टिअरिंगवर कसलाच ताण नाही, खिटी खाचेत खुळखुळते ती ऐकू येते. चावी तरीही नाही. खिटीचा संशय मिटला.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली. काढण्याआधी मोजली तर ११.७ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, म्हणजे ही जवळजवळ रिकामी. सहा आठवडे उभ्या गाडीकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. पण हीच बॅटरी दादाने जानेवारीत नवी घेतली, कारण जुनीवर गाडी ‘दोन-तीनदा मारल्याशिवाय’ स्टार्ट व्हायची नाही. हे वाक्य इथे लिहून ठेवते. तेव्हाही मला पटलं नव्हतं. बॅटरी चार्जिंगला दिली.

मग सफाई. आई खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभी होती, दारांच्या कड्यांना तीच तेच घालते. लॉकमध्ये नको म्हटलं. तेल आत धूळ धरून ठेवतं, चार महिन्यांनी त्याचा चिखल होतो. दादाने आधीच डब्ल्यूडी-४० मारलेलं होतं. मळ सुटायला ते ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही. मी कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी चावीच्या भोकात घातली, खाली फडकं धरलं आणि थांबून थांबून फवारा मारला. पहिल्यांदा काळं आलं, मग तपकिरी, मग पांढरट. चावी आत-बाहेर करत राहिले. सातव्या-आठव्या वेळी चावीच्या खाचेत काहीतरी चमकलं. अभ्रकाचा तुकडा वाटला. नखाने काढून उजेडात धरलं तर खवलं. अर्धं, कडा कुरतडलेली, मधल्या गोल रेषा अजून स्पष्ट.

आईने बघितलं आणि म्हणाली, “रावसाचं.” एवढ्याशा तुकड्यावरून.

हे व्हायचंच. दादा मासळीची टोपली उतरवतो, हात पँटला पुसतो, चावी लावतो. बावीस वर्षं खाऱ्या हातांनी हे लॉक उघडलंय.

सफाईनंतर चावी आत जाताना आधीची करकर करत नाही. फिरत मात्र नाहीच.

मंगळवार, १५ जुलै

संध्याकाळी दादाने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला आणलं. त्याने दोन मिनिटं बघून निकाल दिला: लॉक फोडा, वायरी बाहेर काढा, एक स्विच आणि एक बटण लावा, पाचशे रुपयांत काम. चार गाड्यांना असं केलंय म्हणाला. केलंही असेल. बटणाने सुरू होणारी गाडी म्हणजे पाप असं माझं म्हणणं नाही. पण स्टिअरिंग लॉक कायमचं जाणार, स्टार्टर चालू करणारा करंट दहा रुपयांच्या बटणातून जाणार, आणि हे सगळं अशा गाडीत जिच्या केबिनमध्ये ओल्या टोपल्या ठेवतात.

दादाला बटण हवंय. “सकाळी तीनला धक्क्यावर चावी शोधत बसायला नको.” खरी तक्रार चावीबद्दल नाही, ती सापडत नाही याबद्दल आहे.

मी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. आईने मध्ये पडून दिली.

रात्री सहज चावी टेबल लॅम्पखाली धरली आणि मोबाइलने मोठा करून फोटो काढला. दात दात राहिलेलेच नाहीत, भरती-ओहोटीने घासलेल्या दगडांसारखे गोल झालेत. मग इतिहास विचारला. गाडीबरोबर दोन चाव्या आल्या होत्या. एक २०११ मध्ये ससून डॉकला बाबांच्या वरच्या खिशातून पाण्यात गेली. दुसरी रोज वापरून झिजली. ती झिजल्यावर दादाने तिच्यावरून स्टेशनजवळ एक बनवून घेतली. ती वाकली तेव्हा तिच्यावरून आणखी एक. आता माझ्या हातात आहे ती नातवंड.

मूळ दुसरी कुठे आहे? कुणालाच माहीत नाही. आईने चाव्यांचा डबा ओतला. त्यात १९९० सालच्या कपाटाची चावी आहे, ते कपाट नाही.

बुधवार, १६ जुलै

ओशिवऱ्यात एका सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. घरी यायला साडेदहा. गाडीचं काही नाही.

शनिवार, १९ जुलै

सुट्टी घेऊन सकाळपासून बसले. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. चार स्क्रू, त्यातला एक गंजून इतका मऊ झालेला की पेचकस लावताच डोकं भुगा झालं. कव्हर खाली आलं आणि आतल्या कोपऱ्यातून करड्या मातीची खपली मांडीवर पडली. बोटांत चोळली तर पिठासारखी बारीक.

आई म्हणाली, “कलिन्याची ती.” २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी बाबा रिकामी गाडी घेऊन कलिन्यात अडकले होते. गाडी तिथेच सोडून ते रात्री कुणाच्या तरी गच्चीवर बसले. नंतर इंजिन उघडलं, सीट बदलली, वायरिंग धुतलं. हे कव्हर तेव्हा कुणी उघडलं नसावं. मला अजून वाटतं ही साधी रस्त्याची धूळ असेल. आईला नाही वाटत.

आता लॉक. नियम असा की चावी एका टप्प्यावर फिरवायची, बाजूच्या बारीक भोकातून सळीने पिन दाबायची, आणि चावीसकट सिलिंडर, म्हणजे चावी बसते तो फिरणारा भाग, हातात येतं. आमची अडचण हीच की चावी त्या टप्प्यापर्यंत जातच नाही. मग उरतो एकच रस्ता: लॉकचं सगळं घरच, म्हणजे बाहेरचं आवरण, स्टिअरिंगवरून उतरवायचं. ते दोन बोल्टांनी आवळलेलं असतं आणि ते बोल्ट मुद्दाम असे बनवतात की कारखान्यात आवळताना डोकं तुटून पडतं. राहतो नुसता गुळगुळीत घुमट. पान्याला धरायला काही नाही, चोराची पंचाईत व्हावी म्हणून. पंचाईत माझी झाली.

पहिल्या बोल्टाच्या कडेला सेंटर पंच तिरका लावून उलट दिशेने ठोकत गेले. पंधरा-वीस ठोक्यांनंतर केसभर सरकला, मग बोटांनी निघाला. दुसरा नाही. त्याला मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावावा लागला. एक्स्ट्रॅक्टर माझ्याकडे होता, नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून दोन वर्षांपूर्वी घेतलेला. दोन तास गेले, एक ड्रिल तुटलं. दादा चहा आणून देत होता आणि दर वेळी बटणाचा विषय काढत होता.

दुपारी लॉक स्वयंपाकघरातल्या टेबलावर. घर जस्ताच्या मिश्रधातूचं, ओतीव. तोंडापाशी पांढरी भुकटी धरलेली. आत पितळेच्या पत्त्या (चावीच्या दातांनी वर-खाली होतात त्या), बाहेर जस्त, मध्ये खारं पाणी. हा बॅटरीसारखा सेलच झाला, आणि अशा सेलमध्ये जस्त खाल्लं जातं. दादाला समजावायला गेले तर तोच म्हणाला, “म्हणजे बोटीच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावतो तसं.” अगदी तसं. फक्त बोटीला ती मुद्दाम लावतात आणि दर सीझनला बदलतात.

आणि आता जे मी करायला हवं होतं आठवड्यापूर्वी. चावी आत घातली, दोन बोटांनी हलका जोर ठेवला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने घराच्या बाजूला टकटक करत राहिले, म्हणजे अडकलेल्या पत्त्या उडून सुटतात. सुटल्या नाहीत. कंटाळून चावी काढायला लागले, म्हणजे जेमतेम नखभर बाहेर ओढली असेल, बोटांचा जोर अजून तसाच होता, आणि चावी फिरली.

परत पूर्ण आत. नाही फिरत. नखभर मागे. फिरते.

पाच वेळा केलं. पाचही वेळा. व्हर्नियरने मोजलं, १.१ मिलिमीटर.

म्हणजे लॉक ठीक आहे. चावी चुकीची आहे. नक्कल करताना मशीनमध्ये ती जरा सरकून बसली आणि सगळे दात टोकाच्या बाजूला सरकले. दोन नकलांत मिळून एक मिलिमीटर. पूर्ण आत घातली की प्रत्येक पत्ती आपल्या खाचेत न बसता उतारावर बसते. इतकी वर्षं चाललं कारण झिजून खाचा रुंद झालेल्या आणि पत्त्याही सैल होत्या. सहा आठवड्यांच्या ओलीने पत्त्या ताठ झाल्या आणि तेवढी सूट मिळेनाशी झाली.

आम्ही सगळे चावी आणखी आत दाबत होतो. पक्कडसुद्धा आत दाबूनच.

हे गाडीत बसूनच कळलं असतं. दोन बोल्ट आणि एक ड्रिल फुकट गेलं. दादाला सांगितलं नाही, आत्ता लिहितेय तेच.

रविवार, २० जुलै

सिलिंडर खोललं. फरशीवर पांढरी चादर, चादरीवर मी. सहा पत्त्या, प्रत्येकीखाली एक स्प्रिंग, तिळापेक्षा थोडी मोठी. प्रत्येक पत्ती काढली की चिकटपट्टीवर क्रमाने लावायची, वर आकडा लिहायचा. पत्त्या दिसायला सारख्या, पण मधल्या चौकोनी खिडकीची उंची वेगळी. तो क्रम गेला की लॉकची ओळख गेली.

चौथ्या पत्तीची स्प्रिंग उडाली. चादरीवर नाही पडली. शेजारी आई सुपात सुका जवळा निवडत बसली होती. चुंबक फिरवलं, काही नाही. स्प्रिंग पोलादी नव्हतीच, तांब्याच्या जातीची होती. पाव किलो जवळा, प्रत्येकाला मिशा, सगळ्यांचा रंग त्या स्प्रिंगसारखाच. मी हात लावायला गेले तर आईने थोपवलं. तिने सूप एकदा तिरकं केलं, हलवलं, बोटाने वरचा थर बाजूला केला आणि स्प्रिंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली. मग पुन्हा निवडायला लागली.

पत्त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टूथब्रशने घासल्या. झीज आहे, पण फार नाही. सहाही मोजल्या, चार वेगवेगळ्या उंच्या निघाल्या. वहीत लिहिल्या, फोटो काढला. इथे लिहीत नाही, ती आमच्या गाडीची चावीच आहे.

घराच्या आतली पांढरी भुकटी लाकडी काडीने खरवडली. सगळं परत बसवलं, ग्रॅफाइट पावडर फुंकली. पेन्सिलीचं शिसं कानशीवर घासूनही चालतं, पण पावडरची डबी घरात होती.

गुरुवार, २४ जुलै

कामावरून येताना चावीवाल्यांकडे. अंधेरी स्टेशनबाहेर दोघांनी विचारलं, नमुना चावी कुठे? नमुना नाही, लॉक आहे म्हटल्यावर दोघांनी हात वर केले. मशीन आहे, कानस नाही. जोगेश्वरीत एक म्हातारे चाचा भेटले, लाकडी पेटी, मशीन नाहीच. लॉक हातात घेऊन कानापाशी हलवलं. “शनिवारी आणा. घाईत नको.”

शनिवार, २६ जुलै

चाचांकडे दीड तास बसले. हा भाग नीट लिहून ठेवते.

त्यांनी सिलिंडर घरातून काढून हातात धरलं, पत्त्या आतच. चावी नसताना सहाही पत्त्या एका बाजूने बाहेर डोकावतात. त्यामुळेच सिलिंडर घरात फिरत नाही. मग कोरी चावी घातली. कोरी म्हणजे उंच, दात नाहीत. आता सहाही पत्त्या उलट्या बाजूने बाहेर. काम एवढंच, प्रत्येक पत्तीखालची चावी इतकी घासायची की पत्ती सिलिंडरच्या पाठीशी सपाट येईल. ना वर, ना खाली.

चावीला लॅम्पच्या काजळीत काळं केलं. घातली, हलवली, काढली. जिथे पत्ती टेकली तिथे चमकता ठिपका. ठिपक्यावर कानस, तीन घासे. परत काजळी, परत आत. अंगठ्याचं नख सिलिंडरवरून आडवं फिरवायचे. नख अडलं की अजून घासा. चौथ्या पत्तीला त्यांनी दोन घासे दिले, नख फिरवलं, अर्धा घासा दिला. अर्धा म्हणजे कानस नुसती टेकवून ओढली. नख अडलं नाही. “एक जास्त झाला की खालून डोकं काढते. मग कोरी फेकायची, पैसे माझे.”

मी व्हर्नियरचे आकडे दाखवले. त्यांनी कौतुकाने बघितले आणि बाजूला ठेवले. शेवटी मोजून बघितलं तर त्यांच्या चावीत आणि माझ्या आकड्यांत कुठेही केसाचाही फरक नव्हता.

सिलिंडर घरात घातलं, चावी फिरवली. आवाजच आला नाही. मला वाटलं फिरलीच नाही.

त्याच चावीवरून दुसरी, तीही कानशीने. दोन्हींचे मिळून सहाशे. तिसरी मागितली तर म्हणाले, तिसरीसाठी परत लॉकच आणा, चावीवरून चावी करायची सवय लावून घेऊ नका. मी हसले, त्यांना कारण कळलं नाही.

रविवार, २७ जुलै

लॉक गाडीत. बोल्ट सध्या साधे लावलेत. डोकं तुटणारे नवे आणून ठेवलेत, पण सगळं तपासून झाल्याशिवाय ते आवळणार नाही. एकदा तुटलं की परत तोच पंच आणि हातोडी.

चार्ज झालेली बॅटरी बसवली, १२.६. चावी ऑन. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, दादाने टाळ्या वाजवल्या. स्टार्ट.

टक्.

परत. टक्. स्टार्टर फिरत नाही.

दादा काही बोलला नाही. बटणाबद्दलही नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पण हे काम आता माझ्या हद्दीत आलं होतं. लॉकच्या पाठीला इलेक्ट्रिकचा स्विच असतो, सिलिंडरची जीभ त्याला फिरवते. त्यावर आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, १५ म्हणजे चावी ऑनवर मिळणारी, ५० म्हणजे स्टार्टरकडे जाणारी. हे आकडे जर्मन पद्धतीचे, पण इथल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला पाठ. दादाला स्टार्ट धरून ठेवायला सांगितलं आणि मोजत गेले. बॅटरीच्या टोकांवर १२.३. स्विचच्या ३० वर १२.१. स्विचच्या ५० वर ७.४.

पावणेपाच व्होल्ट दोन बोटांच्या त्या डबीत नाहीसे होतायत. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टर जोडणाऱ्या विजेच्या चुंबकाला) ७.४ मध्ये उचलायची ताकद नाही, म्हणून नुसती टक्. बॅटरी बिचारी १२.३ वर शांत बसलीय, कारण तिच्याकडे कुणी काही मागितलंच नाही.

म्हणजे ‘दोन-तीनदा मारायला लागायची’ ती याच्यामुळे. जानेवारीतली नवी बॅटरी गरज नसताना आली. हे मात्र दादाला सांगितलं.

संध्याकाळी जुना स्विच काढून त्याची झाकणी उचकटली. आत तांब्याची पट्टी, स्टार्टच्या जागी काळी, खसखशीएवढे खड्डे. लिफ्टच्या जुन्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये, हेच बघते मी रोज. कोपऱ्यात परत ती करडी माती. आईला दाखवली नाही.

मंगळवार, २९ जुलै

एस. व्ही. रोडवरून नवा स्विच आणला. दुकानदाराने आधी पूर्ण लॉक सेट पुढे केला, दारांच्या लॉकसकट. नको, फक्त मागचा स्विच म्हटल्यावर जरा हिरमुसला.

एक रिलेही घेतला, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. आत्तापर्यंत सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून जायचा, म्हणूनच पट्टी जळली. आता ५० ची वायर फक्त रिलेच्या कॉइलला, ८६ या टोकावर, ८५ अर्थला. बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या ३० ला, आणि ८७ वरून सोलेनॉइडला. चावीच्या स्विचमधून आता जेमतेम दिवा लागेल एवढा करंट. रिले सीटमागे उंचावर बसवला, तोंड खाली, टोपल्यांचं पाणी पोचणार नाही असा. रात्री साडेअकराला टॉर्चच्या उजेडात शेवटचं टर्मिनल दाबलं. दादाने टॉर्च धरला होता, मध्येच पेंगला, उजेड छताला.

गुरुवार, ३१ जुलै

पहाटे पाच. चावी ऑन, स्टार्ट. पहिल्या फटक्यात.

गाडीचं ४९७ जातीचं इंजिन दोन महिन्यांनी जागं होताना आधी पांढरा धूर काढतं, मग खोकतं, मग बसतं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या. स्टार्टच्या वेळी ५० वर मोजलं, आता ७.४ चा प्रश्न नाही.

आता राहिलेल्या चाचण्या. एक, स्टार्ट सोडल्यावर चावी आपोआप मागे ऑनवर येते का? येते. न आली तर चालू इंजिनमध्ये स्टार्टर फिरत राहून जळतो. दोन, चावी ऑफ केली तरी इंजिन चालूच राहतं. हे बरोबर आहे. आमच्या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल, त्याला विजेची गरज नाही. इंजिन ओढायच्या केबलनेच बंद होतं. म्हणूनच दादाला कित्येकदा चावी ऑनवरच विसरायची सवय आणि मग सकाळी बॅटरी उतरलेली. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: चावी आत असताना स्टिअरिंग कुठेही लॉक होता कामा नये. चावी ऑन ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवलं. खिटी एकदाही बाहेर आली नाही. मग चावी काढली, स्टिअरिंग हलवलं, खट्. बसली. परत चावी लावली, सुटली.

मग गल्लीत चालवून बघितली. बोल्टांची डोकी अजून तोडलेली नाहीत.

रविवार, ३ ऑगस्ट

शुक्रवारी बर्फाची पहिली खेप गेली, काल दुसरी. चावीची तक्रार नाही. नारळी पौर्णिमा ८ तारखेला, त्याआधी आमच्याकडच्या सगळ्या बोटी काही जाणार नाहीत, पण बर्फ लागणारच.

आज बोल्ट आवळले. पहिलं डोकं टणकन तुटून टपावर आपटलं, दुसरं कुठे गेलं सापडलं नाही. कव्हर बसवलं. भुगा झालेल्या स्क्रूच्या जागी नवा.

दुसरी चावी आईच्या डब्यात, लाल दोऱ्यात, ‘गाडी’ अशी चिठ्ठी बांधून. वहीतले आकडे वहीतच.

एक राहिलं होतं. दादाचा जुडगा. घराची चावी, गोदामाची दोन, कुलपाची एक, बाटली उघडायचं पान आणि बाबांची पितळी होडी. गाडी खड्ड्यातून गेली की हे सगळं लॉकमध्ये लटकून हिसके देतं आणि पत्त्यांना आणखी झिजवतं. तोंडाने सांगून उपयोग नाही म्हणून आईचा तराजू घेतला आणि जुडगा पारड्यात टाकला. दोनशे दहा ग्रॅम. आई म्हणाली, “दोन चांगले बोंबील आले असते.”

दादाने एकेक चावी काढायला सुरुवात केली. घराची काढली, गोदामाच्या काढल्या, कुलपाची, पान. होडीपाशी थांबला. मी काही बोलले नाही. त्याने रिंग बंद केली आणि जुडगा खिशात टाकला.